दीडहजारी मनसबदार

इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला पंचहजारी मनसबदार भेटले असतील. आज ज्याची ओळख करून द्यायची आहे त्याची मनसब दीड हजारांची. घोड्यांची नव्हे, शब्दांची. दीड हजार इंग्रजी शब्दांच्या भांडवलावर या गृहस्थाने साठाहून जास्त वर्षं जगाला बातम्या सांगितल्या. युद्धं, तह, निवडणुका, भूकंप, चांद्रमोहिमा, बाजारातली पडझड, सगळं त्यातच बसवलं. नाव स्पेशल इंग्लिश. घराणं व्हॉइस ऑफ अमेरिका, म्हणजे अमेरिकन सरकारची परदेशांसाठीची नभोवाणी. जन्म 19 ऑक्टोबर 1959. राहणार वॉशिंग्टन. धंदा बातम्या सांगण्याचा. पण गिऱ्हाईक बातमीपेक्षा इंग्रजीसाठी जास्त यायचं, आणि त्याचं याला कधी वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पहिली भेट जरा विचित्रच होते. हा बोलायला लागला की कॅसेटवर ऐकणाऱ्याला वाटतं, टेपरेकॉर्डरचे सेल उतरले. सेल बदलले तरी फरक पडत नाही. इतर इंग्रजी निवेदक ज्या वेगाने बोलतात त्याच्या दोन-तृतीयांश वेगाने बोलायचं, हा याचा नेम. चंद्रावर माणूस उतरो, एखाद्या देशात रातोरात सत्ता उलटो की न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळो, गृहस्थाची चाल तीच. धाप लागलेली नाही, आवाज चढलेला नाही. आग लागल्याची बातमीसुद्धा तो अशा बेताने सांगतो की ती विझेपर्यंत आपल्याला वेळ आहे असं वाटावं.

बरं, हा नुसता रेंगाळत नाही. हळू बोलणारी माणसं सहसा मध्ये भर घालतात, 'म्हणजे काय आहे की' म्हणून अडून बसतात. याचं तसं नाही. शब्द स्वच्छ, शेवटचा 'ट' नि 'ड' काठापर्यंत नेऊन सोडलेला, आणि दोन वाक्यांच्या मध्ये नेमकी एवढी जागा की ऐकणाऱ्याने मागचं वाक्य मनातल्या मनात मराठीत करून घ्यावं आणि पुढच्यासाठी कान मोकळे करावेत. घाईतला अमेरिकन निम्मी अक्षरं गिळतो. हा एकही गिळत नाही, आणि त्याचा त्याला छुपा अभिमान आहे.

या सबुरीमागे व्यवहारही होता. याचा सगळा प्रवास शॉर्टवेव्हवरून. त्या लहरी आकाशात वर जायच्या, आयनांबरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरायच्या, आणि आयनांबराची मर्जी सारखी फिरायची. आवाज मध्येच जवळ यायचा, मध्येच समुद्रात बुडायचा. घडाघडा बोलणाऱ्या निवेदकाचा आवाज दोन सेकंद बुडाला की वाक्य गेलं, आणि वाक्य गेलं की बातमी गेली. याचे तेवढ्या वेळात फार तर तीन शब्द जायचे, आणि त्यांचा अंदाज उरलेल्यांवरून बांधता यायचा. श्रीलंकेतही व्हॉइस ऑफ अमेरिकाचं प्रक्षेपण केंद्र होतं. रेडिओ सिलोनसाठी सुई सरकवता सरकवता एखादं मराठी बोट याच्यावर येऊन थांबलं असेल, तर नवल नाही.

आता वंशावळ. व्हॉइस ऑफ अमेरिकाचं घर 1942 च्या फेब्रुवारीत, ऐन महायुद्धात उभं राहिलं, आणि त्या घरातून बाहेर पडलेला पहिला आवाज जर्मन भाषेतला होता. युद्ध संपलं, शीतयुद्ध सुरू झालं. 1958 साली हेन्री लूमिस संचालक झाले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्याशी रेडिओवरून इंग्रजीत कसं बोलायचं, हा प्रश्न त्यांनी घरच्या मंडळींपुढे टाकला. जाणकारांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, हे काही जमायचं नाही. तरी मूल जन्माला आलंच.

बारशालाच भांडण झालं. काही अमेरिकन दूतावासांतल्या साहेबांनी हा कार्यक्रम बंद करा अशी मागणी केली. त्यांची अडचण समजू शकते. आपण महासत्तेचे प्रतिनिधी, झोकदार इंग्रजी बोलणारे. आणि आपल्या देशाच्या नावाने हा कोण दुसरीतल्या मुलाला समजावल्यागत बोलतोय? पण जगभरच्या श्रोत्यांची शाबासकी या तक्रारींपेक्षा जास्त भरली. ज्या कार्यक्रमाने साहेबांचा अपमान होत होता, तोच श्रोत्यांना मात्र मान देणारा वाटला. गृहस्थाचं बस्तान बसलं ते कायमचं.

कंजूषपणाबद्दल तर याची ख्याती आहे. स्वतःची शब्दांची चोपडी त्याने छापून ठेवली होती, आणि सगळा कारभार त्या चोपडीतून. नवा शब्द आत घ्यायचा तर तो रोज लागणारा हवा. जुन्याची गरज सरली तर त्याला बाहेरचा रस्ता. चोपडीबाहेरचा शब्द अगदीच टाळता आला नाही, तर हा त्याला दारातच थांबवून सगळ्यांशी ओळख करून देतो. बातमीत ज्वालामुखीतज्ज्ञ आला, की लगेच पुढच्या वाक्यात: हा शास्त्रज्ञ ज्वालामुखींचा अभ्यास करतो. मगच बातमी पुढे. शब्दकोश उघडायला उठावं लागलं तर तो यजमान म्हणून आपला कमीपणा, असं याचं मत.

तशी ही काटकसर अगदी टोकाची नव्हे. ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानाने 1930 साली 850 शब्दांत संसार मांडून दाखवला होता. त्या मानाने हा सुखवस्तूच म्हणायचा. गंमत खर्चाच्या रीतीत आहे. चोपडीत ओलीस आहे, तह आहे, क्षेपणास्त्र आहे, नकाराधिकार आहे, गनिमी लढवय्याही आहे. त्यामुळे निव्वळ याच्या तालमीत तयार झालेला पठ्ठ्या पश्चिम आशियाच्या शांतता करारावर अर्धा तास बोलेल. पण परदेशात दुकानात जाऊन उलथनं किंवा पायजम्याची नाडी मागायची वेळ आली, की हातवारे सुरू. घरसंसाराच्या भाषेत याला कधी गोडीच वाटली नाही. बातमीदार माणूस, स्वयंपाकघरात त्याचं काय काम?

याचे नियम थोडे आहेत, पण कडक. वाक्य छोटं. एका वाक्यात एकच विचार. वाक्प्रचार नकोत. आणि कर्ता समोर हवा. या शेवटच्या नियमाने काय होतं ते बघा. सरकारी मराठी तुम्ही वाचली आहे. 'सदर बाब निदर्शनास आली असून उचित कार्यवाही करण्यात येत आहे.' कुणाच्या निदर्शनास, कार्यवाही कोण करतंय, कधी करणार, सगळं धुक्यात. सरकारी इंग्रजीही त्याच वळणाची. तिथे चुका होतात, कुणी करत नाही. तिथे माणसं मरतात, कुणी मारत नाही. हा गृहस्थ असं वाक्य घेऊन बसला की त्याचा नियमच त्याला टोचतो. कोणी केलं? सैनिकांनी केलं. मग 'सैनिकांनी गोळ्या झाडल्या' असंच लिहा. गोळीबाराला 'परिस्थिती हाताळणं' म्हणायची सोय त्याच्या चोपडीत नाही.

म्हणून याच्या साधेपणाला भाबडेपणा समजू नका. थोड्या शब्दांत आणि हळू बोलणाऱ्याला लपवाछपवी अवघड जाते. भरधाव बोलणारा एखादा अडचणीचा शब्द गर्दीत ढकलून देतो. याच्याकडे गर्दीच नाही. प्रत्येक शब्द एकटा उभा असतो आणि सगळ्यांना दिसतो.

अर्थात या कडक शिस्तीची किंमतही आहे. एका वाक्यात एकच विचार म्हटलं की 'जरी', 'तरी', 'यद्यपि', 'मात्र' या मंडळींचे हाल होतात. जगातली बरीचशी भांडणं नेमकी या शब्दांत राहतात. दोन देशांमधल्या जुन्या तंट्याची बातमी हा सांगतो तेव्हा ती इतकी सरळ वाटते की, हे दोघं अजून भांडतायत तरी का, असं विचारावंसं वाटतं. गुंतागुंत याला कळत नाही असं नाही. ती तो एकेक धागा सोडवून सांगतो. सगळे धागे परत गुंफायचं काम ऐकणाऱ्याचं.

आठवडाभराचं वेळापत्रक ठरलेलं. एक दिवस विकास, एक दिवस शेती, एक दिवस आरोग्य, मग शिक्षण, मग अर्थकारण. शनिवारी 'इन द न्यूज', म्हणजे आठवड्यातल्या एखाद्या मोठ्या बातमीची चार-पाच मिनिटांत उजळणी. आणि रविवारी? आठवडाभर ज्या वाक्प्रचारांना दारातही उभं केलं नाही, त्यांचाच मेळा. 'वर्ड्स अँड देअर स्टोरीज' नावाच्या कार्यक्रमात हा एकेका वाक्प्रचाराला खुर्चीवर बसवून त्याची कुळकथा सांगायचा. सहा दिवस व्रत आणि सातव्या दिवशी पारणं. व्रतस्थ माणसाला चटकदार पदार्थांची माहिती इतरांपेक्षा जास्त असते, ती अशी.

यातला शनिवार शिकणाऱ्यांच्या खास मर्जीतला. कारण सांगतो. ताजी बातमी परक्या भाषेत ऐकताना डोक्यावर दोन ओझी असतात: काय झालं ते समजून घ्यायचं आणि ते कुठल्या शब्दांत सांगितलं तेही पकडायचं. शनिवारपर्यंत पहिलं ओझं उतरलेलं असतं. आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळच्या बातम्यांत ती बातमी ऐकलेली असते, वर्तमानपत्रात वाचलेली असते, कट्ट्यावर तिच्यावर वादही झालेला असतो. कोण निवडून आलं, कुठे युद्धबंदी झाली, हे ठाऊक असतं. आता फक्त इंग्रजीकडे कान द्यायचे. शिळ्या पोळीचीच फोडणीची पोळी चांगली होते, ताजी त्या कामाला चालत नाही. या गृहस्थाने शिळ्या बातमीची योग्यता ओळखली होती.

शिवाय बातम्यांचा स्वभावच पुनरावृत्तीचा. कादंबरीत एखादा शब्द एकदा येऊन नाहीसा होतो. बातमीत मतदान, बहुमत, राजीनामा, वाटाघाटी, निदर्शनं, दुष्काळ ही मंडळी दर आठवड्याला हजर. देश तेवढे बदलतात. एका आठवड्यात न पकडलेला शब्द पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खंडातून पुन्हा येतो. हा शिक्षक गृहपाठ देत नाही, जगच त्याच्यासाठी उजळणी घेतं. त्याच्यापाशी चिकाटीने बसणारे एकच बातमी तीनदा घ्यायचे: पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा ऐकत लिहून काढायचं, तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणायचं. तिसऱ्या फेरीत आपणही त्याच्याइतकेच हळू आणि ऐटीत बोलू लागतो, तो भाग वेगळा.

मराठी माणसाला याची गरज जरा जास्तच होती. आपल्या इंग्रजीचे जुने गुरुजी तर्खडकर. त्यांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या, पण तो सारा व्यवहार डोळ्यांचा आणि लेखणीचा. मराठी शाळेत कित्येक वर्षं इंग्रजी पाचवीपासून यायची आणि तीही फळ्यावरून. परिणाम असा, की निबंध बिनचूक लिहिणारा विद्यार्थी गोऱ्या साहेबाचं एक वाक्य कानावर पडताच गोंधळून जायचा. त्याचे डोळे मॅट्रिक झालेले आणि कान अजून बालवाडीत. हा गृहस्थ कानांना पहिलीत बसवायला तयार होता, वयाची चौकशी न करता.

याची सर्वांत मोठी शिष्यशाखा मात्र चीनमध्ये. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या देशाची दारं किलकिली झाली, इंग्रजीची लाट आली, आणि हा तिथे घरोघरी पोचला. त्याच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी निघाल्या, मजकुराची पुस्तकं निघाली. त्या सगळ्या शिष्यांत गुरूची एक लकब हमखास उतरते. स्वतःचं नाव सांगून क्षणभर थांबायचं. कारण याचे निवेदक तसेच करायचे. स्टीव्ह एम्बर असोत की शर्ली ग्रिफिथ, आपलं नाव स्वच्छ सांगायचे, आणि तेही घाई न करता. लांबच्या कार्यक्रमात दोघं आळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायचे, म्हणजे एका आवाजाला ऐकणारा कंटाळला तर दुसरा तयार. शब्दांच्या बाबतीत इतका चिक्कू माणूस, पण नावाच्या बाबतीत हात सैल.

दुसरी हौस घराण्याच्या इतिहासाची. 'द मेकिंग ऑफ अ नेशन' या नावाने अमेरिकेचा इतिहास त्याने दोनशेहून जास्त भागांत सांगितला. दर आठवड्याला एक भाग, म्हणजे चार वर्षांवर कथा. शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे पारायणाची सवय असल्याने याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही. पण ज्या श्रोत्याने ओळीने दोन पारायणं ऐकली असतील, त्याला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्रमाने म्हणून दाखवता आले असतील; आणि हे शिकागोतल्या कितीशा मंडळींना जमेल, शंकाच आहे.

शिकागोवरून आठवलं. या जगप्रसिद्ध माणसाला स्वतःच्या घरात मात्र तोंड उघडायची बंदी होती. 1948 च्या स्मिथ-मंट कायद्याने असं ठरवलं, की सरकारी पैशाने परदेशांसाठी बनवलेला हा माल अमेरिकेतल्या जनतेला वाढायचा नाही. सरकारने आपल्याच लोकांवर प्रचाराचा मारा करू नये, हा हेतू. ही बंदी 2013 मध्ये सैल झाली. तोवर जगातले कितीतरी लोक त्याच्या आवाजावरून अमेरिकन इंग्रजी ओळखत होते, आणि खुद्द अमेरिकन माणसाला हा कोण हे ठाऊक नव्हतं. ज्यांनी चुकून ऐकलं त्यांना बहुधा आपल्या रेडिओचीच काळजी वाटली असेल.

प्रचाराचा विषय निघालाच आहे, तर तोही लपवण्यात अर्थ नाही. पगार सरकारी. जन्म शीतयुद्धातला. अमेरिकेचं बरं दिसावं यासाठीच घरच्यांनी त्याला बाहेर पाठवला, हे उघड आहे. घरातही यावरून कुरबुरी चालायच्या. खुद्द लूमिस 1965 मध्ये पद सोडून गेले, ते व्हिएतनामच्या बातम्यांत जॉन्सन सरकारची ढवळाढवळ नको यावरून खटके उडाल्यावर. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी घराच्या सनदेवर सही केली. बातम्या अचूक, निःपक्षपाती आणि सर्वांगीण असाव्यात, असं तीत एका कलमात लिहिलं. अमेरिकेची धोरणं स्पष्टपणे मांडावीत, असं दुसऱ्या कलमात. एकाच सनदेत दोन मालक. गृहस्थाने दोघांनाही हो म्हटलं आणि आपल्या चालीने बोलत राहिला. कुठला विषय घ्यायचा हे घरचे ठरवत असतील. पण एकदा घेतला की 'कोणी केलं' हा प्रश्न त्याला सोडत नसे.

चुलत भावंडंही बरीच. लंडनची बीबीसी 1943 पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवते. पण ती खानदानी बाई, आपला वेग कमी न करता शब्द समजावते. जर्मनीच्या डॉइच वेलेकडे सावकाश वाचलेल्या बातम्यांचं वेगळं पान आहे. फ्रान्सचं आरएफआय रोज दहा मिनिटं सोप्या फ्रेंचमध्ये वार्तापत्र देतं. सगळ्यांत वल्ली फिनलंडचा. तिथल्या नभोवाणीने 1989 पासून 2019 पर्यंत दर आठवड्याला चक्क लॅटिनमध्ये बातम्या दिल्या. ज्या भाषेत बाजारहाट करणारं कुणी उरलेलं नाही, तिच्यात आखाती युद्ध आणि युरो. या भावंडांचा मेळावा भरला असता, तर बोलणं सगळ्यात उशिरा आमच्याच गृहस्थाचं संपलं असतं.

म्हातारपणी माणूस बदलतो, तसा हाही बदलला. इंटरनेट आल्यावर आवाजाबरोबर मजकूरही द्यायला लागला, आणि गोष्टीच्या शेवटी अवघड शब्दांची यादी जोडायला लागला. दारात उभं करून ओळख करून देणारा यजमान आता शेवटी पत्रिका वाटू लागला. 2014 मध्ये त्याने नाव बदललं, 'लर्निंग इंग्लिश' असं केलं. इतकी वर्षं बातमीदार म्हणवून घेतल्यावर अखेर शिक्षक असल्याची कबुली दिली म्हणायची. त्याच वर्षी आशियाकडचं त्याचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण थांबलं. मग तीन इयत्ता काढल्या: नवशिक्यांची, मधल्यांची, वरच्यांची. ॲना नावाच्या एका मुलीला वॉशिंग्टनमध्ये फिरवत चित्रफितींचे धडे काढले. त्या धड्यांत अखेर घरसामान, शेजारीपाजारी, खाणंपिणं आलं. स्वयंपाकघरात यायला गृहस्थाला अर्धशतकाहून जास्त वेळ लागला.

पुढची हकिगत सरकारी भाषेत सांगायची तर 'प्रशासकीय कारणास्तव सेवा स्थगित करण्यात आली'. त्याच्या रीतीने सांगायची तर अशी आहे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 14 मार्च 2025 रोजी एका आदेशावर सही केली. व्हॉइस ऑफ अमेरिका एका सरकारी संस्थेच्या हाताखाली काम करते. आदेशाने त्या संस्थेचं काम कमी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संस्थेने व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या तेराशेहून जास्त कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं. नवे कार्यक्रम थांबले. कर्मचारी कोर्टात गेले. छोटी वाक्यं, एकेक विचार, आणि प्रत्येक वाक्यात कर्ता. स्वतःची बातमी सांगायची पाळी आली असती, तर त्यानेही एवढंच सांगितलं असतं, त्याच वेगाने; आणि मध्ये थांबून विचारलं असतं, सगळ्यांना समजलं ना?

तरी भेटायचं असेल तर भेट होते. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा साठा अफाट आहे, आणि जगभरच्या शिष्यांनी तो आपापल्या कपाटांत आणि मोबाइलमध्ये भरून ठेवला आहे. जुन्या बातम्या कशाला ऐकायच्या, असं म्हणू नका. त्या तर आता अधिकच मुरल्या आहेत. निवडणूक कोण जिंकलं ते माहीत आहे, युद्ध कसं संपलं ते माहीत आहे, सगळं लक्ष इंग्रजीकडे देता येतं. सुरुवातीला त्याच्या चालीचं हसू येईल. मग सवय होईल. मग एखाद्या आठवड्यात असं वाटेल, की हा माणूस उगाच इतका वेळ लावतोय, वाक्य संपायच्या आत पुढचं आपल्याला कळलं आहे. अशा वेळी भिडेखातर थांबू नका, सरळ उठा आणि भरधाव बोलणाऱ्यांकडे जा. त्याचे सगळे चांगले शिष्य असेच त्याला कंटाळून गेलेले आहेत, आणि त्यांची संख्या तो पदकांसारखी मोजतो.